श्रीसंत दामाजीपंत आणि राजाचे कोठार

दामाजीपंतांचे चरित्र माहीत नाही असा वारकरी मिळणे कठीण. विठू महाराचे रूप घेतलेला पांडुरंग, बिदरचा दरबार, कितीही ओतली तरी रिती न होणारी थैली आणि गीतेच्या पोथीत सापडलेली पावती, हे सारे आपण आईच्या मांडीवर बसून ऐकलेले आहे. कीर्तनात हे चरित्र निघाले की मंडपाच्या कडेला तंबाखू मळत बसलेला गडीसुद्धा पुढे सरकतो.

परंतु गोदाकाठी, आमच्या तीर्थपुरीच्या बाजूला, हे चरित्र लावले म्हणजे श्रोते एका वेगळ्याच जागी अडतात. थैलीच्या चमत्काराबद्दल कुणी शंका काढीत नाही. ते विचारतात त्याच्या आधलं. बुवा, कोठारातलं धान्य होतं कुणाचं? राजाचं का रयतेचं? पाऊस नाही, पीक नाही, सरकाराकडून मूठभर दाणा नाही, आणि तरी सारा मात्र चुकत नाही, असा हक्क राजाला कुठून आला? प्रश्न शेतकऱ्याचा आहे, आणि आम्हांस वाटते की पंतांच्या चरित्राचा गाभा इथेच आहे. म्हणून ते चरित्र आज याच अंगाने सांगावे असा विचार केला.

मंगळवेढे पंढरपूरपासून सात-आठ कोसांवर. गाव फार जुने. बाराव्या शतकात कलचुरी राजांची राजधानी काही काळ इथे होती. वारकऱ्यांना मात्र ते ओळखीचे आहे ते निराळ्या कारणाने. कान्होपात्रा इथलीच, आणि चोखोबाराय देह ठेवते झाले तेही इथेच. गावकुसाचे काम चालले असता भिंत कोसळली व चोखोबा तिच्याखाली गेले, ते साल शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८. ते काम वेठीचे होते असे परंपरा सांगते. वेठ म्हणजे तरी काय? ज्याच्यापाशी द्यायला दाणा नाही त्याने अंगाने भरायचा कर. तेव्हा राजाचे देणे माणसाच्या जिवापर्यंत कसे पोचते हे या गावाने पंतांच्याही आधी पाहिलेले होते.

गावाभोवतालची जमीन काळीभोर आणि खोल. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परतीचा पाऊस एकदा चांगला मुरला म्हणजे ही जमीन नुसत्या ओलीवर नि थंडीवर ज्वारी पिकवते. पण तो पाऊस हुकला की सगळेच हुकले. अशा मुलखात पिकल्या वर्षी कोठारे भरतात ती ओसंडून, आणि न पिकल्या वर्षी तेवढी कोठारेच काय ती भरलेली असतात. घराघरांतून खडखडाट.

त्या वेळी राज्य बहामनी सुलतानांचे. ते स्थापन झाले १३४७ साली. राजधानी आधी गुलबर्ग्यास होती, ती अहमदशहा वलीच्या कारकीर्दीत (१४२२ ते १४३६) बिदरास गेली. दामाजीपंत बिदरच्या दरबाराचे मंगळवेढ्याचे अंमलदार. कुणी त्यांस मामलेदार म्हणतात, कुणी कमाविसदार. नाव काही घ्या, काम एकच: वसूल घ्यायचा, साठवायचा, हिशेब ठेवायचा आणि हुकूम येईल तसा पुढे पाठवायचा.

आता हा वसूल कसा असे हे नव्या वाचकांस थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर पंतांनी केले काय हे नीट उमगायचे नाही. त्या काळी सारा बहुतेक ठिकाणी धान्यानेच भरला जाई. खळ्यावर रास पडली की तिला कुणब्याने हात लावायचा नाही. आधी राजभाग निघे, मग बलुतेदारांचे हक्क निघत, आणि मग उरेल ते घरचे. राजभागाचे धान्य कोठारात किंवा पेवात जाई. वीस मणांची खंडी, अशा शेकड्याने खंड्या. हे धान्य म्हणजे राजाचा खजिना तर होताच, शिवाय लष्कराचा शिधाही तोच. फौज मुलखातून जायची तर घोड्यांची चंदी आणि शिपायांचे पोट याच कोठारांवर. म्हणून कोठाराला परवानगीवाचून हात लावणे म्हणजे साधी अफरातफर नव्हे, ते लष्कराच्या तोंडचा घास काढण्यासारखे. त्याची शिक्षा काय, हे पंतांना कुणी सांगायला नको होते.

आणि मग पाऊस गेला. महाराष्ट्रात दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणून ज्याचे नाव अजून घेतात, त्याच्याशी लोकपरंपरा हा प्रसंग जोडते. ताहराबादच्या महिपतीबुवांनी भक्तविजयात तो सविस्तर वर्णिला आहे. पंढरपूरचा एक ब्राह्मण भिक्षेसाठी मंगळवेढ्यास आला. पंतांनी त्यास पानावर बसविले. पान वाढले तसे त्याच्या डोळ्यांना पाणी आले. मुलंबाळं तिकडे उपाशी आणि आपण इथे जेवायचं, हे त्याच्या घशाखाली उतरेना. पंतांनी त्याच्या घरी धान्य पाठविले, पण ते भुकेल्या लोकांनी लुटून नेले. मग तेच लोक मंगळवेढ्यास येऊन पंतांच्या दारात उभे राहिले.

इथे थोडे थांबावे. पंतांपुढे वाटा किती होत्या? एक वाट अशी की बिदरास अर्ज लिहायचा, परवानगी मागायची, आणि उत्तर येईतो दार लावून बसायचे. मंगळवेढ्याहून बिदर म्हणजे माणसाला कित्येक मजला. स्वार जायचा, दरबारात कागद पुढे सरकायचा, उत्तर परत यायचे. तोवर दारातली माणसे जगली असती काय? दुसरी वाट लबाडीची. पेवात पाणी शिरते, धान्य कुजते, उंदीर घुशी लागतात. खतावणीत चार ओळी तशा लिहायच्या आणि मागल्या दाराने धान्य काढायचे. पुष्कळ अंमलदारांनी असे केले असेल, आणि तेही भुकेल्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. पंतांची कथा शेकडो वर्षे तोंडोतोंडी चालली, पण त्यांनी खोटी नोंद केली असे कुठल्याही कथेकऱ्याने कधी सांगितलेले नाही.

पंतांनी पत्नीशी विचार केला. कोठारे उघडली तर राजा जीव घेईल, न उघडली तर इतके जीव जातील. एकाच्या मोबदल्यात अनेक वाचत असतील तर हा सौदा वाईट नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. आणि दिवसाढवळ्या, सर्वांच्या देखत, त्यांनी राजाची कोठारे लोकांसाठी मोकळी केली.

आता तो प्रश्न. धान्य कुणाचे? पुष्कळ कीर्तनकार चटकन सांगून मोकळे होतात की धान्य रयतेच्याच घामाचे, ते रयतेला मिळाले, यात अपराध कसला? टाळ्या पडतात खऱ्या. आम्हांस हे उत्तर पुरेसे वाटत नाही. ते इतके सोपे असते तर पंतांनी जिवाची तयारी कशाला केली असती? पंत राजाचे नोकर होते, किल्ली विश्वासाने सोपविलेली होती, हे ते विसरले नव्हते. आपण केले ते कायद्याने अपराध आहे हे त्यांना ठाऊक होते. अपराध मान्य करून, त्याचे देणे स्वतःच्या डोक्यावर घेऊन त्यांनी तो केला.

पण म्हणून राजाचा हक्क खरा ठरतो काय? तेही नाही. कर कशासाठी? पिकल्या वर्षी खळ्यावरून राजभाग उचलला जातो तो रयतेचे रक्षण करण्याच्या बोलीवर. चोरापासून, परचक्रापासून, आणि भुकेपासूनही. ज्या वर्षी ते रक्षण करण्याची पाळी येते त्याच वर्षी राजा हात आखडून बसला, तर त्याने बोली मोडली. आणि बिदरचे वर्तन पाहा. माणसे मरत होती तोवर मंगळवेढ्याला कुणी फिरकले नाही. पंतांच्या हाताखालच्या मुजुमदाराने चुगली लिहून पाठविली, कोठार रिकामे झाल्याचे कळले, आणि मग शिपाई दौडत आले. धरून न्यायला माणसे पाठविता येत होती, तर दाणा पाठविता आला नसता काय? आमच्या तीर्थपुरीच्या शेतकऱ्याला नेमके हेच बोचते. सरकार गावात येते ते वसुलीला येते.

पंतांना बांधून नेले. बिदर पूर्वेला, पण पंतांनी विनवले की आधी पंढरीनाथाचे दर्शन घडवा. पंढरपूर मंगळवेढ्याच्या वायव्येस, म्हणजे अगदी उलट्या वाटेवर. तरी शिपायांनी ऐकले. त्या अनाम शिपायांचे नाव कुणी घेत नाही. आम्ही मात्र या ठिकाणी नेहमी मनातल्या मनात त्यांना हात जोडतो. हुकमाच्या वाटेवरून चार पावले वळणारी माणसे त्या राज्यातही होती.

आणि इकडे पांडुरंग विठू महार झाला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि काखेला थैली. बिदरच्या दरबारात जाऊन त्याने पंतांचा निरोप सांगितला, धान्याची किंमत ओतली, आणि शिक्क्यानिशी पावती मागून घेतली.

देवाने हेच रूप का घेतले? भक्तांसाठी देव काहीही होतो, हे खरेच. पण त्यात एक गावगाड्यातली खूण आहे, ती आजच्या पिढीला ठाऊक नसेल. गावचा सारा सरकारी खजिन्यात पोचविण्याच्या कामी महारच असे. चावडीवर रयतेला बोलावणे, राशीची राखण करणे, वसुलाबरोबर कोसनकोस चालत जाणे, हे त्याचे काम. राजभाग त्याच्या पाठीवरून जाई, आणि त्याच्या घरी मात्र सर्वांच्या शेवटी नि सर्वांत कमी पडे. ज्या गावच्या भिंतीखाली चोखोबा गेले, त्याच गावचा महार होऊन देव सरकारचा वसूल भरायला निघाला. महारांच्या बावन्न हक्कांची सनद बिदरच्याच बादशहाने दिली अशी त्या समाजात जुनी परंपरा आहे. बिदरचे नाव तिथेही यावे, हे आम्हांस सहज घडलेले वाटत नाही.

देवाने पैसे भरले याचा अर्थ राजाची मागणी देवाने मान्य केली, असे एका विद्वान गृहस्थांनी आम्हांस एकदा ऐकविले होते. मग आम्ही विचारतो की बादशहाला मिळाले काय? नाणे मिळाले. त्या नाण्याने मंगळवेढ्यात कुणाचे पोट भरणार होते? देवाने राजाचा हक्क मानला नाही, भक्ताने डोक्यावर घेतलेली जबाबदारी मात्र पुरती फेडली. पावती मागून घेतली ती त्यासाठीच. उद्या कुणी म्हणू नये की पंत हिशेबात खोटे होते.

हा प्रश्न पंतांबरोबर संपला नाही. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी आणि सार्वजनिक सभेने शेतकऱ्यांना जाऊन सांगितले की पीक बुडाले असता सूट मागणे हा तुमचा हक्क आहे, तो सरकारच्याच नियमांत लिहिलेला आहे, भिऊ नका. सरकारला ते इतके झोंबले की १८९७ साली सभेची सरकारदरबारची मान्यताच काढून घेतली. १९१८ साली गुजरातेत खेडा जिल्ह्यात महात्माजींनी सत्याग्रह केला त्याचे मूळही हेच. पीक चार आण्यांच्या आत असेल तर सारा तहकूब करावा असा नियम होता. लोक म्हणत पीक चार आण्यांच्या आत आहे, अधिकारी म्हणत वर आहे.

आणि आमचा मुलूख तर निजामाच्या राज्यातला. तीर्थपुरी तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात, अंबड तालुक्यात होती. जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजाम सरकारने धान्याची लेव्ही बसविली. खळ्यावर माप लागे, घरात दाणा उरो न उरो. मागल्या पिढीतले म्हातारे ही लेव्ही सांगू लागले की आवाज खाली आणीत, जणू अजून कुणी दाराआडून ऐकते आहे. पुढे १९४७-४८ साली रझाकारांचा उच्छाद झाला, आणि जे सरकार रक्षण करीना, उलट लुटारूंना पाठीशी घाली, त्याला वसूल द्यायचा नाही असे लोकांनी ठरविले. करोडगिरीची नाकी उठविली, अबकारीचे उत्पन्न बुडावे म्हणून शिंदीची झाडे तोडली. या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ, हेही संन्यासीच. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य गेले. इथे एक भेद मात्र नीट पाहिला पाहिजे. स्वामीजींनी त्या सत्तेला सत्ता म्हणूनच नाकारले होते. पंतांनी बहामनी राज्य नाकारले नव्हते; त्याच्याच किल्लीने त्याच्याच कोठारातून त्यांनी त्याचे कर्तव्य करून टाकले.

स्वराज्यात काय झाले तेही सांगू. १९७२ चा दुष्काळ मराठवाडा विसरणार नाही. बागायतदारांच्या लेकीसुनांनी रस्त्यावर खडी फोडली, सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो खाल्ली. त्या दिवसांत जी रोजगार हमी योजना फोफावली तिच्यासाठी सरकारने १९७५ साली एक नवा कर बसविला, तो व्यवसाय कर. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून थोडे पैसे कापायचे आणि त्यातून दुष्काळी गावातल्या हाताला काम द्यायचे. करांवर आम्ही फारसे प्रसन्न कधी नसतो, पण हा कर म्हणजे कोठाराचे दार दोन्ही बाजूंनी उघडणारा. भरताना माहीत होते की हे कुणाच्या पोटात जाणार.

आज शेतसारा नावापुरता राहिला आहे. कुणाच्या खळ्यावर आता राजभाग निघत नाही. पण औषधाची बाटली घ्या, डिझेल घ्या, कर त्यातच कापलेला. तो न देण्याचा सत्याग्रह करायचा म्हटले तरी करता यायचा नाही. २०१२-१३ साली जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी टँकरच्या पाण्यावर दिवस काढले. त्या वर्षीही हा कर चुकला नाही. मग कुणब्याच्या हाती उरते काय? उरते ती पैसेवारी. गावची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली तर साऱ्यात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, पंपाच्या वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. वर गेली तर काही नाही. २०१६ च्या दुष्काळ संहितेपासून पाऊस, जमिनीतली ओल आणि उपग्रहाची चित्रे पाहून दुष्काळ ठरवू लागले, तरी पैसेवारी अजून निघतेच. एकोणपन्नास लिहायचे की एक्कावन्न, हे शेवटी कुणीतरी एक माणूस शेताच्या बांधावर किंवा टेबलावर बसून लिहितो. पंतांची किल्ली आता त्याच्या हातात आहे. त्याला बांधून बिदरास नेणारे कुणी नाही. फार तर बदली होईल.

असो. पंत बिदरास पोचले तेव्हा तिथे सगळेच उलटे झालेले. वाटेत नित्यपाठाला गीतेची पोथी सोडली तो आत शिक्क्याची पावती. पंतांना आपला देव कुणाच्या दारात उभा राहिला हे कळले, आणि आनंदापेक्षा त्यांना वाईटच अधिक वाटले. बादशहा सामोरा आला. त्याला पंतांचे काही नको होते, तो पुन्हापुन्हा विठूलाच विचारीत होता. पंतांवरचा आळ गेला, मान वाढला, जुनी जागा चालूच होती. कुणीही संसारी माणूस मंगळवेढ्यास परतून पुन्हा गादीवर बसला असता, आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतले असते.

पंतांनी नोकरी सोडली. आपल्यामुळे देवाला महाराची काठी हातात घेऊन दरबारात जोहार करावा लागला, तर ती चाकरीच आता नको, असे म्हणून ते पंढरीस जाऊन राहिले. मंगळवेढ्यात त्यांचे मंदिर आहे. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरास आलेले वारकरी सवड काढून तिथे जातात, चोखोबांचे स्मरण करतात आणि परततात. तिथल्या सहकारी साखर कारखान्यालाही संत दामाजींचेच नाव आहे.

जाता जाता महिपतीबुवांविषयी. भक्तविजय त्यांनी शके १६८४, म्हणजे १७६२ साली पुरा केला. ते स्वतः ताहराबादचे कुलकर्णी, म्हणजे गावचे वसुली दप्तर त्यांच्याच हातचे. एके दिवशी ते पूजेत असता जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला आणि थांबायला तयार होईना. बुवा तसेच उठून गेले, काम उरकून दिले, घरी आले, आणि आता ही लेखणी संतांखेरीज कुणाच्या चाकरीला लावायची नाही अशी शपथ घेतली. दामाजीपंतांची कोठारे त्याच लेखणीने लिहिलेली आहेत.